लायनिंग किती आली? सोलापुरात वंध्यत्वाचे उपचार सुरू करणाऱ्यांसाठी

आययूआय (वीर्य नळीने गर्भपिशवीत सोडणं) किंवा आयव्हीएफ (बाहेर गर्भ तयार करून तो पिशवीत सोडणं) करायचं ठरलं की पहिल्याच महिन्यात 'लायनिंग', म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराची मिलिमीटरमधली जाडी, कानावर पडायला लागते. 'लायनिंग सहाच आली', 'लायनिंग वाढेना', 'या महिन्यात ट्रान्सफर कॅन्सल', म्हणजे गर्भ पिशवीत सोडणं रद्द. होटगी रोडला असो की सात रस्त्याला, कुठल्याही वंध्यत्व केंद्राच्या बाकावर तासभर बसलं तर हेच बोलणं ऐकू येतं. मी या उपचारांतल्या जोडप्यांचं समुपदेशन करते. हा आकडा महत्त्वाचा आहे, पण त्याची जेवढी धास्ती घेतली जाते तेवढी घ्यायचं कारण नाही, असं माझं ठाम मत आहे. तो कसा वाचायचा, कमी आला तर काय करायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे. औषधं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी हे सगळं.

पहिली पायरी: अस्तर कसं वाढतं ते समजून घ्या

गर्भपिशवीच्या आतलं अस्तर, म्हणजे एंडोमेट्रियम, दर महिन्याला नव्याने तयार होतं. पाळी संपता संपता ते 2 ते 4 मिलिमीटर उरतं. मग बीजकोशातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक सुटू लागतं आणि अस्तर वाढत जातं. बीज फुटायच्या सुमारास ते साधारण 8 ते 11 मिलिमीटर होतं. बीज फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक येतं. त्याने जाडी फारशी वाढत नाही, पण अस्तर गर्भ रुजण्यायोग्य होतं. गर्भ राहिला नाही तर वरचा थर पाळीवाटे जातो आणि खालचा कायमचा थर शिल्लक राहतो. पुढच्या महिन्याचं अस्तर याच खालच्या थरातून उगवतं. तो थर खरवडला गेला असेल किंवा आजाराने खराब झाला असेल, तर कितीही गोळ्या दिल्या तरी वाढ अडते.

दुसरी पायरी: जुने कागद आधी गोळा करा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो आणि नेमकं इथेच कुणी लक्ष देत नाही. पहिल्या भेटीला जाताना सोबत हे असू द्या: आधीच्या गर्भपाताचे आणि बाळंतपणाचे कागद, 'पिशवी साफ केली' असं जे सांगितलं जातं त्याचा डिस्चार्ज, एचएसजीची (नळ्यांच्या एक्स-रेची) फिल्म, दुर्बिणीने तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल, आणि आधीच्या प्रत्येक सायकलची (उपचाराच्या महिन्याची) फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे बीज वाढताना केलेल्या सोनोग्राफींची, चिठ्ठी.

पिशवी साफ करणं म्हणजे क्युरेटिंग, आतलं अस्तर खरवडणं. त्याचं म्हणते ते याच्यासाठी. आपल्याकडे वर्षानुवर्षं 'एकदा क्युरेटिंग करून घ्या, मग राहील' असं सहज सांगितलं गेलं. काही जणींचं लग्नानंतर दोन वर्षांत, कसलंही कारण नसताना क्युरेटिंग झालेलं असतं आणि त्यांना ते तपासणीचा भाग वाटतं. त्यातून पिशवीच्या भिंती आत एकमेकींना चिकटू शकतात. त्याला अॅशरमन सिंड्रोम म्हणतात. खूण सोपी आहे: क्युरेटिंगच्या आधी चार दिवस जाणारी पाळी नंतर एका दिवसावर, नुसत्या डागावर आली का? आली असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता ते सांगा. गर्भपातानंतर पिशवी रिकामी करायची वेळ आलीच, तर खरवडण्याऐवजी गोळ्यांनी किंवा व्हॅक्यूमने करता येईल का, हे विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही क्युरेटपेक्षा व्हॅक्यूमची आहे.

दुसरी गोष्ट टीबीची. गर्भपिशवीचा आणि नळ्यांचा क्षयरोग आपल्या देशात वंध्यत्वाचं मोठं कारण आहे, आणि बऱ्याचदा खोकला, ताप काहीच नसतो. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल, लहानपणी गाठी आल्या असतील, तर लपवू नका. सासरी कळेल या भीतीने मुली हे सांगत नाहीत, आणि दोन-दोन वर्षं गोळ्या खात राहतात. मात्र एकट्या पीसीआरचा (टीबीच्या जंतूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीचा) अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच सहा महिन्यांचं औषध सुरू करणंही बरोबर नाही. अस्तराच्या तुकड्याची तपासणी, कल्चर किंवा सीबीनॅट या जंतू शोधणाऱ्या तपासण्या आणि दुर्बिणीत दिसणारं चित्र हे सगळं जुळवून निर्णय घ्यावा लागतो. टीबी ठरलाच, तर तपासणी आणि औषधं राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. आपल्या सिव्हिलमध्येही त्याची सोय आहे, बाहेरून विकत घ्यायची गरज नाही.

याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणी झाली आहे का ते पाहा. बायकोच्या पाच सोनोग्राफ्या झाल्या आणि नवऱ्याची एकही तपासणी नाही, अशा फायली मी आजही बघते. मला त्याचा राग येतो. 'जमीनच खराब' असं बोलून सगळा भार बाईवर टाकायची सवय घराघरात आहे, आणि लायनिंगचा आकडा हातात आला की त्या बोलण्याला जोर चढतो.

केंद्राची नोंदणीही विचारा. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे प्रत्येक केंद्राची नोंदणी लागते. फक्त आययूआय करणारं केंद्र पहिल्या स्तरात आणि आयव्हीएफ करणारं दुसऱ्या स्तरात येतं. यशाची शक्यता आणि धोके समजावून सांगणं, लेखी संमती घेणं हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल आणि मराठी कागद नीट समजत नसेल, तर समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. असं म्हटल्याने कुणी उपचार नाकारत नाही.

तिसरी पायरी: मोजणी कशी होते ते पाहून घ्या

लायनिंग मोजायची ती आतून केलेल्या सोनोग्राफीत, म्हणजे टीव्हीएसमध्ये. पोटावरून केलेली मोजणी यासाठी धरू नये. लघवी करून, मूत्राशय रिकामं करून जा. पाळीच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं तर संकोच वाटतो, पण त्या खोलीतल्या माणसांना त्याचं काही नवल नसतं. सोबत बाई मदतनीस हवी असेल तर मागा.

स्क्रीनवर गर्भपिशवी लांबीत, बरोबर मधोमध दिसली पाहिजे. अस्तर सगळ्यात जाड असेल त्या जागी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, दोन्ही थर धरून मोजतात. मध्ये पाणी असेल तर ते वजा करायचं. प्रोब थोडा तिरका पडला तरी आकडा बदलतो. त्यामुळे एका डॉक्टरांकडे 6.6 आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे 7.3 आलं, तर रात्रीत चमत्कार झाला किंवा पहिल्यांनी चुकीचं सांगितलं, असं समजू नका. एवढा फरक मोजण्यातच येतो.

आकड्याइतकंच चित्र बघायचं असतं. बीज फुटायच्या आधी चांगलं अस्तर तीन रेघांचं दिसतं: दोन बाजूंना दोन पांढऱ्या रेघा, मध्ये एक, आणि त्यांच्यामध्ये काळसर पट्टे. चिठ्ठीवर 'ट्रायलॅमिनार' किंवा 'ट्रिपल लाइन' लिहिलेलं असतं. प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यावर ते सगळं पांढरट होतं, आणि तेव्हा तसंच व्हायला हवं. ट्रान्सफरच्या तयारीत प्रोजेस्टेरॉन सुरू व्हायच्या आधीच अस्तर पांढरट दिसलं, तर बीज आपोआप फुटलं का, हे रक्तात प्रोजेस्टेरॉन पाहून तपासतात.

चिठ्ठीवर 'ईटी 7.2' लिहिलेलं असेल तर ती अस्तराची जाडी. फायलीत दुसरीकडे 'ईटी 14 तारखेला' असेल तर तो गर्भाचा ट्रान्सफर. दोन्हीला ईटीच लिहितात आणि नवीन माणसाचा गोंधळ उडतो.

बार्शी, पंढरपूर, करमाळ्याहून येणाऱ्यांनी एक गोष्ट ठरवून घ्यावी. सुरुवातीचं स्कॅन गावाजवळ करून चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर पाठवली तर बहुतेक डॉक्टर चालवून घेतात, एक फेरी वाचते. निर्णयाचं स्कॅन मात्र, म्हणजे ज्यावर ट्रिगर (बीज फुटण्यासाठीचं इंजेक्शन) द्यायचं किंवा प्रोजेस्टेरॉन सुरू करायचं हे ठरणार ते, एकाच ठिकाणी, शक्यतो एकाच डॉक्टरांच्या हातून करून घ्या.

चौथी पायरी: आकडा वाचायला शिका

साखर पेठेतून येणारी, घरी विड्या वळणारी एक बाई चिठ्ठी माझ्यासमोर धरून म्हणाली, "सहा पॉइंट आठ आलंय. म्हंजे नापास का ओ ताई?" सातला पास आणि सहाला नापास ही समजूत इतकी पक्की बसली आहे की तिच्यासाठी थोडे आकडे देते.

कॅनडातल्या केंद्रांमधल्या 40 हजारांहून जास्त ट्रान्सफरच्या नोंदी 2018 मध्ये प्रसिद्ध झाल्या. ताज्या गर्भाच्या ट्रान्सफरमध्ये अस्तर 8 मिमी किंवा जास्त असताना मूल जन्माला येण्याचं प्रमाण 33.7 टक्के होतं. 7 ते 7.9 ला 25.5, 6 ते 6.9 ला 24.6, आणि 5 ते 5.9 ला 18.1. गोठवलेल्या (फ्रोझन) गर्भाच्या ट्रान्सफरमध्ये 8 किंवा जास्त असताना 28.4 टक्के, 7 ते 7.9 ला 27.4, 6 ते 6.9 ला 23.7 आणि 5 ते 5.9 ला 15.

नीट बघा. पाचच्या घरातही मुलं झालेली आहेत. आठच्या वर असूनही दहापैकी जवळपास सात ट्रान्सफरमध्ये मूल झालेलं नाही. फ्रोझनमध्ये सात आणि आठ यांत जवळजवळ फरकच नाही. पातळ अस्तराने शक्यता कमी होते, हे खरं, पण दार बंद होत नाही. आणि जाड अस्तर म्हणजे हमी नाही, कारण बाईचं वय आणि गर्भाची प्रत यांचं पारडं त्याहून जड असतं. पातळ अस्तर तसं थोड्याच जणींना असतं. आधी ते आपल्याला खरंच आहे का, हे दुसऱ्या सायकलमध्ये पाहून मगच बोलावं.

आययूआयमध्ये तर आतापर्यंतच्या अभ्यासांतून जाडीचा आणि यशाचा ठोस संबंध दिसलेला नाही. 6.5 आली म्हणून आययूआय रद्द केलं, असं कुणी सांगितलं तर कारण विचारा.

जास्त जाडीलाही लोक घाबरतात. 14 मिमी आली म्हणून गर्भ राहत नाही, असं नाही. पाळी येऊन गेल्यावरही अस्तर जाड राहत असेल, मध्येच रक्त जात असेल, तर पॉलिप (आत वाढलेला मऊ कोंब) वगैरे आहे का ते बघावं लागतं.

मी स्वतः जाडीपेक्षा एका गोष्टीला जास्त घाबरते: पिशवीत दिसणारं पाणी. ट्रान्सफरच्या सुमारास ते राहिलं तर ट्रान्सफर पुढे ढकलणं योग्य. एखादी नळी पाण्याने फुगलेली असेल तर तिचं पाणी पिशवीत उतरतं, आणि आयव्हीएफच्या आधी ती नळी काढली किंवा तोंडाशी बंद केली तर यश वाढतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. चिठ्ठीवर 'हायड्रोसाल्पिंक्स' किंवा 'फ्लुइड इन कॅव्हिटी' असेल तर मिलिमीटरचा विषय बाजूला ठेवून आधी तेच बोला.

पाचवी पायरी: खरंच कमी आली, तर क्रमाने जा

आधी औषध बघा. बीज वाढवायला क्लोमिफीन चालू असेल तर त्याने काही जणींचं अस्तर पातळ होतं, कारण ते इस्ट्रोजेनचं काम अडवतं. लेट्रोझोलमध्ये हा त्रास कमी. पीसीओएसमध्ये (बीज नियमित न फुटण्याच्या एका त्रासात) बीज फुटण्यासाठी आता तेच पहिलं औषध मानलं जातं. कधी कधी एवढा एक बदल पुरतो.

मग वेळ बघा. फ्रोझन ट्रान्सफरसाठी बहुतेक ठिकाणी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रॅडायॉल व्हॅलरेटच्या, म्हणजे इस्ट्रोजेनच्या, 2 मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात, बऱ्याचदा दिवसातून तीन, आणि दहा-बारा दिवसांनी स्कॅन. त्या दिवशी साडेसहा आली तर सायकल मोडायची घाई नको. गोळ्या आणखी आठवडाभर वाढवता येतात. तोंडाऐवजी योनीमार्गे किंवा त्वचेवर लावायचं जेल, पट्टी असंही देता येतं. पाय सुजून दुखणं, रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी, लिव्हरचा आजार यांतलं काही असेल तर गोळी सुरू व्हायच्या आधी सांगायलाच हवं. आणि मैत्रिणीला चाललेल्या गोळ्या दुकानातून आणून खायच्या नाहीत.

ज्यांची पाळी दर महिन्याला नियमित येते त्यांनी आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: 'माझा ट्रान्सफर नॅचरल सायकलमध्ये करता येईल का?' स्वतःच्या बीजाबरोबर वाढलेलं अस्तर काही जणींचं गोळ्यांपेक्षा चांगलं येतं. शिवाय गोळ्यांवरच्या सायकलनंतर गरोदरपणात बीपी वाढण्याचं प्रमाण जास्त दिसलेलं आहे. अडचण एवढीच की तारीख आपल्या हातात राहत नाही, स्कॅनसाठी जास्त वेळा यावं लागतं.

तरीही वाढली नाही, किंवा पाळीच कमी झालेली आहे, तर हिस्टेरोस्कोपी. दुर्बिणीतून पिशवी आतून बघता येते, चिकटलेलं त्याच वेळी सोडवता येतं, टीबीसाठी तुकडा घेता येतो. पातळ अस्तरावर खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा, असं मला वाटतं. निदान कारण तरी कळतं.

पीआरपी, जीसीएसएफ, सिल्डेनाफिल, अॅस्पिरिन, हेपॅरिन, एंडोमेट्रियल स्क्रॅचिंग अशी जास्तीच्या उपायांची यादी तुम्हाला ऐकू येईलच. काही थोड्या बायकांमध्ये जाडी वाढल्याची निरीक्षणं आहेत, पण सरसकट वापरल्याने मुलं जास्त होतात, असा भक्कम पुरावा नाही. ट्रान्सफरची वेळ ठरवायची ईआरए तपासणी महाग असते, आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. डॉक्टर यातलं काही सुचवतील तेव्हा विचारा, 'माझ्या बाबतीत नेमकं का?' आणि त्याचा खर्च लेखी मागा. चांगले डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाहीत.

खाण्यापिण्याबद्दल थोडंच. सोलापूरचं डाळिंब खा, बीट खा, शेंगाचटणी-भाकरी खा, पण रोज पेलाभर डाळिंबाचा रस पिऊन अस्तर वाढतं, असं सिद्ध झालेलं नाही. एक गोष्ट मात्र खरोखर सोडायची आहे, ती म्हणजे मिश्री. सकाळी दात घासायला आणि मग दिवसातून चार वेळा तोंडात, ही सवय आपल्याकडे बायकांमध्ये भरपूर आहे, आणि 'मी तंबाखू खात नाही' म्हणणारीही मिश्री लावते. मिश्री म्हणजे तंबाखूच, तिचं निकोटिन रक्तात जातं. तंबाखूने उपचारांचं यश कमी होतं. विड्या वळणाऱ्यांच्या हातातूनही थोडं निकोटिन शरीरात जातं. काम सोडा असं मी सांगू शकत नाही, घर त्यावर चालतं. निदान हातमोजे वापरा, खोली हवेशीर ठेवा आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. आणि नवऱ्याचा मावाही सुटला पाहिजे.

सहावी पायरी: उन्हाळा आणि तारखा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. बीज वाढवायची बरीच इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात. एसटीने न्यायची असतील तर मेडिकलवाल्याकडून थर्माकोलचा डबा आणि आइसपॅक घ्या. इंजेक्शन बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं तर वाया जातं. घरी फ्रिजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेवा. प्रोजेस्टेरॉनच्या काही योनीत ठेवायच्या गोळ्या पर्समध्येच वितळतात. पाकिटावरचं तापमान वाचून घ्या.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी सिद्धेश्वर मंदिर, पार्क चौक परिसरातले रस्ते बंद असतात. त्या आठवड्यात ट्रान्सफर येत असेल तर कुठल्या बाजूने यायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

सातवी पायरी: ट्रान्सफर आणि नंतर

अस्तर तयार झालं की प्रोजेस्टेरॉन सुरू होतं. त्या दिवसापासून तारीख पक्की: पाच दिवस वाढवलेला गर्भ, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस पूर्ण झाल्यावर सोडतात. म्हणून पहिला डोस किती वाजता घेतला ते लिहून ठेवा, आणि एकही डोस चुकवू नका. टीव्हीएसला लघवी करून जायचं असतं, तर ट्रान्सफरला बहुतेक ठिकाणी लघवी भरलेली लागते, कारण तेव्हा पोटावरून सोनोग्राफी करतात. हे दोन्ही उलटसुलट होतं, म्हणून आधी विचारा.

ट्रान्सफरनंतर अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही. जिना चढल्याने गर्भ पडत नाही. घरातलं हलकं काम, चालणं चालेल. गरोदरपण कळण्यासाठी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी दहा ते चौदा दिवसांनी होते. त्याआधी घरी कार्डावर बघितलं आणि एकच रेघ आली तरी औषधं थांबवू नका.

पॉझिटिव्ह आली तर तेव्हाही औषधं थांबवू नका. गोळ्यांवर तयार केलेल्या सायकलमध्ये बीज फुटलेलं नसतं, त्यामुळे शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवत नाही. वार ते काम हाती घेईपर्यंत, साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत, बाहेरूनच द्यावं लागतं. 'राहिलं आता, कशाला गोळ्या' असं घरातलं मोठं माणूस प्रेमाने म्हणेल. त्यांनाही हे कारण सांगा. गोळ्या संपायच्या दोन दिवस आधी पुढचं पाकीट घरात हवं. थोडे डाग दिसले तर केंद्राला फोन करून विचारा. एका बाजूला पोटात जोरात दुखायला लागलं, खांदा दुखू लागला, घेरी आली, तर गर्भ नळीत असू शकतो. मग सकाळची वाट न बघता, रात्री कितीही वाजले असले तरी थेट दवाखाना गाठा आणि 'आयव्हीएफ झालंय' हे दारातच सांगा.